करंगळीपुरती जागा

पिस्तूल जितकं लहान तितकं बायकांना सोपं, असं बंदुकांच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला माणूस आजही सांगतो. सांगता सांगता काचेखालून तळहातात मावेल असं काहीतरी काढून समोर ठेवतो, आणि त्याची मूठ बहुधा जांभळी किंवा गुलाबी असते. त्याच्यावर विश्वास ठेवू नये. लहान पिस्तूल बाळगायला सोपं असतं, एवढंच. चालवायला ते मोठ्यापेक्षा अवघड.

नऊ मिलिमीटरच्या काडतुसातली नेहमीची गोळी साधारण ८ ग्रॅमची. ती सेकंदाला तीनशे मीटरच्या वर वेगाने नळीतून सुटते आणि तिचा उलटा धक्का पिस्तुलाला बसतो. पोलिसांच्या कमरेवरचं मोठं पिस्तूल पाऊण ते एक किलोचं. ते बराचसा धक्का आपल्या वजनात जिरवतं. अर्ध्या किलोचं पिस्तूल तो सरळ मनगटाकडे पाठवतं. वरची पोलादी स्लाइड छोटी म्हणून हलकी, ती फार जोरात मागे येऊ नये म्हणून आतली स्प्रिंग कडक, आणि स्प्रिंग कडक म्हणून पहिली गोळी भरायला स्लाइड मागे ओढताना अंगठ्याचं बूड कळवळतं. नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणांत अंतर कमी, त्यामुळे हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडे. त्यात मूठ आखूड. दोन बोटं नीट बसतात, करंगळी हवेत.

हे सगळं मला पन्नाशी ओलांडल्यावर शिकावं लागलं. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात फार्मसी चालवते. मोठ्या साखळीतली नाही, आमची स्वतःची. मागच्या कुलूपबंद कपाटात ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन असतं, आणि खोकल्याचं ते कोडीनवालं जांभळं औषध, ज्याच्या नशेवर या शहरात गाणी झाली आणि माणसंही गेली. आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानात रात्री बंद करायच्या वेळी दोघे शिरले. कोणाला लागलं नाही. पण त्यानंतर दिवे मालवून, शटर ओढून, मागच्या पार्किंगमधून गाडीपर्यंत चालताना माझी पावलं आपोआप भरभर पडायला लागली. नवरा म्हणाला, "विकून टाकू दुकान." मुलगी म्हणाली, "आई, प्लीज, गन नको." दोघांचंही ऐकण्यासारखं होतं. मी आधी माहिती काढायला लागले, आणि माहिती काढता काढता घेतलंच.

आपल्याकडे हे इतक्या सहज घडत नाही. भारतात साध्या नागरिकाला ९ मिमी मिळतच नाही. ती बंदी असलेल्या कॅलिबरमध्ये, म्हणजे नळीच्या मापांत, मोडते. म्हणून तिकडे सगळा कारभार .३२ चा. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं .३२ चं रिव्हॉल्वर काढलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ज्या बायकांच्या नावाने ते काढलं, त्यांतल्या किती जणींना ते परवडणार होतं, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता. टेक्सासमध्ये पाचेकशे डॉलरना ९ मिमीचं चांगलं पिस्तूल येतं. फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडून तुमची तपासणी करून घेतो, आणि बहुतेकदा त्याच भेटीत पुडकं घेऊन तुम्ही बाहेर. मात्र एच-१बी वर आलेल्या माणसाला हे दार बंद. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडले, तर अशा व्हिसावर बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. ग्रीन कार्ड असेल तर चालतं. आमच्या मंडळातल्या कितीतरी तरुण मुलांना हे माहीत नसतं, आणि ती मित्राच्या बंदुकीसोबत हसत फोटो काढून घेतात.

या राज्यात लपवून पिस्तूल बाळगायची मुभा मिळाली त्यामागे एक दुपार आहे. १६ ऑक्टोबर १९९१. किलीन गावातल्या लुबीज नावाच्या कॅफेटेरियात एक माणूस ट्रक घेऊन दर्शनी काच फोडून आत घुसला आणि त्याने २३ जणांना मारलं. सुझॅना ग्रेशिया हप तिथे आईवडिलांसोबत जेवत होत्या. त्यांच्याकडे रिव्हॉल्वर होतं, पण ते बाहेर गाडीत. पर्समध्ये ठेवणं तेव्हा बेकायदा होतं. त्यांचे आई आणि वडील दोघेही गेले. पुढे त्या आमदार झाल्या. राज्यात हा वाद पेटता राहिला. गव्हर्नर अॅन रिचर्ड्स विरोधात होत्या, त्यांना हरवून आलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५ मध्ये कायद्यावर सही केली. २०२१ च्या १ सप्टेंबरपासून तर २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सचीही गरज उरली नाही. हप यांची साक्ष मी पुनःपुन्हा पाहिली आहे. त्यांच्या दुःखापुढे बोलायला तोंड उघडत नाही. पण त्या भरलेल्या हॉलमध्ये, धुरळ्यात, आरडाओरड्यात रिव्हॉल्वर हातात असतं तर नेमकं काय झालं असतं, याची मला त्यांच्याइतकी खात्री वाटत नाही.

त्याच सुमाराला वॉशिंग्टनमध्ये उलट्या दिशेचा कायदा झाला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने नव्या मॅगझिनला, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेटीला, दहा गोळ्यांची मर्यादा घातली, दहा वर्षांसाठी. आत दहाच गोळ्या राहणार असतील तर एवढं मोठं धूड कशाला बाळगायचं, असं गिऱ्हाइकांना वाटणं साहजिक होतं. १९९५ मध्ये ग्लॉक २६ बाजारात आलं: आखूड, जाडं, बरोबर दहा गोळ्यांचं. बंदुका आटोक्यात आणायच्या कायद्याने खिशातल्या बंदुकीला बाळसं दिलं. आज ज्या छोट्या पिस्तुलाला सबकॉम्पॅक्ट म्हणतात त्याची व्याख्या कुठल्याही कायद्यात नाही, पण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतं ते हेच.

पुढची वीसेक वर्षं निवड सरळ होती. जाड आणि दहा गोळ्या, की सपाट आणि सहा-सात. २०१२ चं स्मिथ अँड वेसन शील्ड, २०१५ चं ग्लॉक ४३, दोन्ही सपाट. २०१८ मध्ये सिग साउअरने पी३६५ काढलं. मॅगझिनमध्ये गोळ्या पूर्ण दोन रांगांत नाहीत आणि एका रांगेतही नाहीत, किंचित नागमोडी रचलेल्या. त्यामुळे एक इंच जाडीत दहा गोळ्या. वजन रिकाम्या मॅगझिनसकट ५०० ग्रॅम. नाव वर्षाच्या दिवसांवरून, म्हणजे रोज बाळगा. मग स्प्रिंगफील्डने हेलकॅट आणलं, स्मिथने शील्ड प्लस, आणि सगळ्यांचीच शर्यत लागली.

आमच्या जवळच्या नेमबाजीच्या रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. शिकवणारे निवृत्त डेप्युटी शेरीफ, सत्तरीचे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅम'. त्यांनी पहिला नियम घातला: रेंजवर आवडलं तेच घ्यायचं, दुकानात हातात धरून आवडलं ते नाही. दुकानात मला रुगरचं एलसीपी फार आवडलं होतं. पावणेतीनशे ग्रॅमचं, .३८० चं, जीन्सच्या पुढच्या खिशात नाहीसं होणारं. रेंजवर एक मॅगझिन संपेपर्यंत तळहाताला झिणझिण्या आल्या आणि दुसरं भरायची इच्छा राहिली नाही. ज्याचा सराव करावासा वाटत नाही ते कमरेला लावून काय उपयोग? मग स्मिथचं पाच गोळ्यांचं ६४२ रिव्हॉल्वर. त्याला स्लाइडच नाही, म्हणून दुखऱ्या अंगठ्याच्या बाईला हमखास ते देतात. पण चाप इतका जड की ओढता ओढता नळी खाली जाते. माझ्या गोळ्या कागदावरच्या माणसाच्या गुडघ्यांत गेल्या. "त्याला आयुष्यभर लंगडायला लावलंत, मॅम," म्हणाले.

ग्लॉक २६ ने सगळ्यात चांगला नेम लागला. जाड असल्याचा फायदा. शील्ड ईझी नावाचं एक येतं, त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली. हाताला ते देवासारखं भेटलं. आणि पी३६५ ने आधी वैताग आणला, मग त्यांनी स्लाइड ओढायची रीत बदलून दिली. डावा हात स्लाइडवर घट्ट धरून ठेवायचा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं, ओढायचं नाही. अंगठ्याऐवजी खांदा काम करतो. एवढं कळल्यावर निम्मी पिस्तुलं पुन्हा शर्यतीत आली.

आता कपडे. इंटरनेटवर या विषयावर हजारो तास बोलणारे पुरुष जीन्स आणि जाड पट्टा गृहीत धरतात. माझा दिवस तसा नाही. दुकानात मी पांढरा कोट घालते, त्याखाली उजव्या कमरेवर काहीही झाकतं. पण वरच्या फळीवरचं औषध काढायला हात उंचावला की कोट वर, खालच्या खणाशी उकिडवं बसलं की मूठ बरगडीत. घरी आणि मंडळात कुर्ता. लांब, सैल कुर्ता लपवायला उत्तम, बाजूच्या स्लिटमधून हातही सरळ आत जातो. पण खाली लेगिंग्ज, आणि लेगिंग्जच्या इलॅस्टिकवर अर्धा किलो टिकत नाही. आतून वेगळा पट्टा बांधून त्यावर होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, चढवावं लागतं. साडीचा प्रयोग मी बंद दाराआड करून पाहिला. परकराची नाडी आवळून लाल वळ उठला, पदर आणि निऱ्या यांच्यामधून पिस्तूल बाहेर यायला जो वेळ लागला त्यात चोर औषध घेऊन, पावती मागून निघून गेला असता. साडीवर पिस्तूल नाही. विषय संपला.

या खटाटोपातून एक कळलं. कपड्यातून उघडी पडते ती मूठ. नळी दोन सेंटिमीटर लांब असली तरी ती आत खाली जाते, कोणाला दिसत नाही. उलट होल्स्टर तोललेलं राहतं. मूठ एक सेंटिमीटरने वाढली की वाकताना कुर्त्यावर तंबू. आणि नेम लागायला नेमकी तीच मूठ लांब हवी. म्हणजे लपवणं आणि चालवणं यांचं सगळं भांडण करंगळीच्या जागेवरून. मी पी३६५ घेतलं, आणि त्याला दहाऐवजी बारा गोळ्यांचं मॅगझिन. दोन जास्त गोळ्यांचं मला काही नाही. ते मॅगझिन खाली जेवढं बाहेर येतं तेवढ्यावर करंगळी टेकते.

पर्समध्ये का नाही, असं प्रत्येक मैत्रीण विचारते. पर्स हिसकावली जाते, पर्स खुर्चीला अडकवून आपण बेसिनपाशी जातो, पर्समध्ये पोरं गोळी-बिस्किट शोधतात. २०१४ च्या डिसेंबरात आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधून पिस्तूल काढलं आणि त्यातून सुटलेल्या गोळीने ती आई गेली. पर्स खास पिस्तूल ठेवायलाच बनवलेली होती, नाताळची भेट. ती शिकलेली, बंदुकीची सवय असलेली बाई होती. मी ही बातमी मैत्रिणींना सांगते आणि गप्प बसते.

होल्स्टर कडक प्लास्टिकचं घेतलं, चाप पूर्ण झाकणारं. अशा पिस्तुलांवर बऱ्याचदा बाहेरून चाप अडवणारा सुरक्षेचा खटका नसतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, गोळी आहे आणि चाप ओढला की सुटणार. पहिल्यांदा भरलेलं पिस्तूल कमरेला लावून मी स्वयंपाकघरात फिरले, तेव्हा ताक घुसळतानासुद्धा श्वास रोखलेला होता. पोटाच्या पुढे, बेंबीशेजारी लावायची फॅशन आहे, हात तिथे पटकन जातो म्हणतात. मला ते जमणार नाही. नळी आपल्याच मांडीकडे, आणि मला मांडी घालून बसायचं असतं.

पिस्तूल चालवायला शिकवणारे अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी घालून दिलेले चार नियम इथे शिकवणारा प्रत्येक जण पाठ करून घेतो. चौथा असा: लक्ष्य ओळखा, आणि त्याच्या मागे काय आहे तेही. मी दुकानात उभी राहून हा नियम लावून पाहिला. माझ्या काउंटरसमोर कोणीही उभा राहिला तरी त्याच्या मागे खुर्च्या आहेत. तिथे इन्सुलिनसाठी थांबलेले आजोबा असतात, तापलेलं मूल मांडीवर घेतलेली आई असते. एफबीआयच्या कसोटीत चांगली गोळी मांसाच्या जागी ठेवलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच जायला हवी. पोकळ तोंडाची, आत उमलणारी गोळी म्हणूनच वापरतात, आरपार जाऊन मागच्याला लागू नये म्हणून. पण नेम चुकलेली गोळी कुठे उमलते? तेव्हा दुकानात कोणी आलं तर कपाटाची किल्ली द्यायची, हे मी मदतनीस मुलींना सांगून ठेवलं आहे, पिस्तूल घेतल्यानंतरही. पिस्तूल आहे ते शटर ते गाडी एवढ्या पट्ट्यासाठी. 'रोज'चा अर्थ माझ्यापुरता एवढाच निघाला.

बाकी दिवसभर ते कुठे कुठे काढून ठेवायचं याचीच यादी. शाळा, कोर्ट, मतदान केंद्र, पोस्ट ऑफिस. जिथे निम्म्याहून जास्त कमाई दारूची आहे तिथे लाल अक्षरांत ५१ टक्क्यांची पाटी असते. टेक्सासच्या दंडसंहितेतल्या ३०.०६ कलमाची पाटी लावलेली असेल तर लपवूनही आत नेता येत नाही. ती इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये हवी आणि अक्षरं किमान एक इंच उंच, हेसुद्धा कायद्यात लिहिलंय. आमचा गणेशोत्सव भाड्याच्या शाळेच्या सभागृहात होतो, त्यामुळे बाप्पापुढे प्रश्नच नाही. लायसन्स आता सक्तीचं नसलं तरी मी काढलं. शाळेपासून हजार फुटांच्या आत केंद्रीय कायदा लायसन्सवाल्यालाच मोकळं ठेवतो, आणि दुकानाच्या पलीकडच्या कोपऱ्यावर शाळा आहे. परीक्षेत पन्नास गोळ्या: तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण हवेत. पोलिसाने गाडी थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, लायसन्स दाखवायचं. मिनेसोटात २०१६ साली फिलँडो कॅस्टिल यांनी लायसन्स असूनही, पिस्तूल आहे असं स्वतः सांगूनही गोळ्या खाल्ल्या. ते कृष्णवर्णीय होते. माझ्या रंगाच्या बाईने हे लक्षात ठेवून गाडी चालवावी.

हे सगळं व्यवहाराचं. ज्याने मी खरी हलले ते वेगळंच होतं. एका वास्तुशांतीला, कुर्त्याखाली पिस्तूल, यजमानांच्या आई पुढे आल्या, नव्वदीच्या, नुकत्याच नाशिकहून आलेल्या. मी वाकले. शिकवलं होतं की वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही, म्हणजे मूठ दिसत नाही. पण नमस्कार कमरेतूनच होतो. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि मला बिर्ला हाउस आठवलं.

मराठी माणसाला लपवलेलं छोटं पिस्तूल म्हटलं की काय आठवणार? नाशिकचं विजयानंद थिएटर, २१ डिसेंबर १९०९, कलेक्टर जॅक्सन आणि लंडनहून आलेलं ब्राउनिंग. आणि ३० जानेवारी १९४८, दिल्ली. इटालियन बेरेटा, १९३४ चं मॉडेल, .३८० चं, सहा इंच लांब. माझ्या पिस्तुलाहून जेमतेम अर्धा सेंटिमीटर मोठं. आधी नमस्कार, मग तीन गोळ्या. पहिल्याला आम्ही शाळेत हुतात्मा म्हणून शिकलो, दुसऱ्याबद्दल घराघरांत आवाज खाली जायचा. पण दोन्हीकडे लपवून आणणारा होता तो मारायला आलेला. इथे मात्र लपवणाऱ्याला सभ्य समजतात, भला माणूस कधीही पिस्तूल मिरवणार नाही म्हणतात. मी तेवीस राज्यांच्या कायद्यांचे तक्ते वाचले असते तरी ही गाठ सुटली नसती. आजी म्हणाल्या, "अखंड सौभाग्यवती भव." मी सरळ झाले, कुर्ता ओढून घेतला, आणि तेव्हापासून कोणाच्या घरी जाताना पिस्तूल नेत नाही.

सांगलीला आईला हे कळल्यावर ती फार काही बोलली नाही. "अगं, दुकानात ठेव हवं तर. देवाच्या खोलीशेजारी नको." मग थोड्या वेळाने, "खंडेनवमीला पूजा करशील ना पण?" मी केली. गोळ्या मोजायची ताटली, तिचा तो चपटा चमचा आणि खल-बत्ता मांडून हळदकुंकू वाहिलं. पिस्तूल तिजोरीतच होतं. तिजोरीचा आकडा नवऱ्यालाही सांगितलेला नाही, आणि का ते त्यालाही कळतं: या देशात बंदुकीने जेवढे मरतात त्यांतले निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने जातात, आणि मधल्या एका वर्षी त्याचे दिवस बरे नव्हते. आमच्यात यावर एकदाच बोलणं झालं. पुरलं.

मंडळात बातमी फुटलीच. पुरुषांनी वाघनखांचे विनोद केले. बायका स्वयंपाकघरात, नळ सोडून, हळूच विचारतात, "काकू, कुठलं घेऊ?" मी मॉडेल सांगत नाही. म्हणते, रविवारी रेंजवर ये, आणि येताना रोज घालतेस तेच कपडे घालून ये. परवा एक जण आली, रात्रपाळीची नर्स. आली ती लेगिंग्ज आणि टी-शर्टमध्ये. म्हणाली, कामावर स्क्रब्ज, एरवी हेच. आणि हॉस्पिटलच्या दारावर ३०.०६ ची पाटी आहे ना, ते विचारलं तर तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग आम्ही रेंजवर न जाता तिच्या गाडीतून हॉस्पिटलच्या पार्किंगला चक्कर मारली, कुठला दिवा बंद आहे ते लिहून घेतलं, आणि सिक्युरिटीवाल्याला गाडीपर्यंत सोडायला कसं बोलवायचं तो नंबर तिच्या फोनमध्ये भरला. पुढच्या रविवारी ती रेंजवर येणार आहे. पट्टा घेऊन ये म्हटलंय.